छत शाबूत, तरी घरात पाणी: बॉस्टनजवळच्या एका घराची हिवाळ्याआधीची डागडुजी

बॉस्टनच्या पश्चिमेला, गाडीने तासाभराच्या आत, १९५२ साली बांधलेलं एक 'केप' आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्यांनी कधी घर शोधलंय त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. खाली पूर्ण मजला आणि वर उतरत्या छताच्या पोटात बसवलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांच्या दोन्ही कडांना बुटक्या भिंती असतात. त्यांना इथे 'नी-वॉल' म्हणतात. भिंतींच्या मागे, छत खाली उतरत जातं तिथे, माणूस रांगत जाईल एवढी त्रिकोणी पोकळी. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर, शेजारी २७५ गॅलनची टाकी आणि खोल्यांमध्ये भिंतीलगत, खोली तापवणारे गरम पाण्याचे बेसबोर्ड. घर एका मराठी जोडप्याचं. दोन मुलं आहेत, आणि नवऱ्याची आई वर्षाआड येऊन काही महिने राहते. तिचं माहेर आणि सासर दोन्ही संगमेश्वराकडचं.

अशा घरांची ऊर्जा-तपासणी करणं हे माझं काम. कुटुंबाच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असं काही न सांगता हे प्रकरण लिहितो आहे. 'फॉलमध्ये', म्हणजे हिवाळ्याआधीच्या पानगळीत, 'करायची कामं' म्हणून जी यादी सगळीकडे फिरते, ती या घरात जवळजवळ पूर्ण झाली होती. गटर साफ होतं, खिडक्यांच्या फटी बुजवल्या होत्या, बॉयलरची सर्व्हिसिंग झाली होती, बागेतला नळ बंद केला होता. तरी फेब्रुवारीत बैठकीच्या खोलीतल्या खिडकीच्या वरच्या चौकटीतून पाणी ठिबकायला लागलं. त्यानंतर दोन दिवसांत छताच्या कडेला रंग फुगला आणि त्याखालचं ड्रायवॉल, म्हणजे सिलिंगची जिप्समची पाटी, मऊ पडलं.

बाहेर पाऊस नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी पडलेला बर्फ छतावर तसाच होता आणि पारा आठवडाभर शून्याच्या वर गेला नव्हता. आजींनी विचारलं, "सगळं दगडासारखं गोठलंय, तर मग पाणी आलं कुठून?" त्या घरात त्या दिवसांत विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता. वसंतात येऊन गेलेल्या ठेकेदारांपैकी एकानेही तो विचारला नाही.

त्या वेळची तातडीची मलमपट्टी योग्य होती. पन्हळीच्या कडेला हातभर जाड बर्फाचा बांध झाला होता, त्यालाच आइस डॅम म्हणतात. जुन्या लांब मोज्यांमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरून ते मोजे त्या बांधावर उभे, म्हणजे छताच्या उताराच्या दिशेने, ठेवले. काही तासांत बांधात चर पडली आणि अडलेलं पाणी वाहून गेलं. शेजाऱ्याने कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा सल्ला दिला होता, तो त्यांनी ऐकला नाही हे बरं झालं. थंडीत शिंगल्स, म्हणजे छतावरच्या डांबरी चकत्या, ठिसूळ होतात, आणि बर्फाबरोबर त्याही तुटतात. रस्त्यावर टाकायचं साधं मीठही छतावर टाकू नये. ते गटरचे खिळे खातं आणि खालची झुडपं मारतं.

मग वसंतात सल्ले आले. गटरवाल्याने मोठं गटर सुचवलं. रूफिंगवाल्याने पूर्ण छत बदलायचा आकडा दिला. तिसऱ्याने छताच्या कडेला नागमोडी गरम तार बसवून द्यायची तयारी दाखवली. तिघेही घराच्या बाहेर उभे राहून, वर बघून बोलले. आत कोणी आलं नाही. गरम तारेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे दुसरा उपाय पोहोचतच नाही अशा एखाद्या कोपऱ्यापुरती ती ठीक. नाहीतर घरातून फुकट जाणाऱ्या उष्णतेचं बिल एकदा भरायचं आणि त्या उष्णतेने केलेली घाण साफ करायला विजेचं बिल वेगळं भरायचं, असा तो व्यवहार होतो.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या मजल्याच्या फटींमधून छताखालच्या पोकळीत शिरते. तिची जागा भरायला तळघरातून थंड हवा आत ओढली जाते. छताखालची पोकळी तापली की वरच्या फळ्या तापतात, आणि फळ्यांना टेकलेला बर्फाचा सर्वांत खालचा थर वितळतो. वरचा बर्फ पांघरुणासारखा असल्याने बाहेरची थंडी तिथवर पोहोचत नाही. वितळलेलं पाणी शिंगल्सवरून खाली सरकतं. छताची शेवटची दीड-दोन फुटांची कड घराच्या भिंतीच्या बाहेर लोंबते. तिच्याखाली ऊब नसते, म्हणून पाणी तिथे येऊन पुन्हा गोठतं. असं रोज थोडं थोडं होत बांध उभा राहतो आणि त्यामागे तळं साचतं. शिंगल्स वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात. साचलेलं पाणी खालून वर चढून शिंगल्सखाली शिरतं, तेव्हा त्या काही करू शकत नाहीत. केपमध्ये छताची कड खालच्या मजल्याच्या खिडक्यांच्या अगदी डोक्यावर असते, म्हणून पाणी थेट बैठकीत उतरलं.

२०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला, त्यातला ६४.८ इंच एकट्या फेब्रुवारीत. त्या वर्षी या भागात हजारो घरांत असंच पाणी आलं, त्यांत नुकतंच छत बदललेली घरंही होती. स्वच्छ गटर असलेल्या घरांतही बांध होतात, कारण बांध गटरमुळे होत नाही. गटर साफ ठेवायचंच, पण त्याचं कारण वेगळं आहे: पावसाचं पाणी पायाशी साचू नये.

आजी कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मिरगाच्या आधी कौलं परततात. जिथे कौल फुटलंय तिथे गळतं. इथे काय फुटलंय ते मला दाखव." मी म्हटलं, "काकू, भोक छतात नाही. तुमच्या खोलीच्या सिलिंगमध्ये आहे, आणि त्यातून पाणी नाही, ऊब जाते." त्यांना ते पटलं नाही. पटेल असं काही तेव्हा दाखवण्याजोगं नव्हतंही.

सप्टेंबरमधली तपासणी

तपासणीला सप्टेंबरचा तिसरा आठवडा ठरवला. याला कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅटिकमध्ये म्हणजे छताखालच्या पोकळीत शिरणं जिवावरचं काम असतं, आणि नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग जवळ आलं की इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, बसवणाऱ्यांच्या तारखा मिळत नाहीत. हिवाळ्याची तयारी पानं गळायला लागल्यावर सुरू केली तर फक्त बाहेरची कामं हाताशी उरतात.

नी-वॉलमधलं कपाटाच्या दाराएवढं दार उघडून आत गेलो. पहिली गोष्ट टॉर्चच्या उजेडात दिसली ती फायबरग्लासच्या गुलाबी इन्सुलेशनवरचे काळे पट्टे. गुलाबी पट्टी जागोजागी, सरळ रेषेत, काजळी धरल्यासारखी झाली होती. बुरशी वाटावी असं ते दिसतं, पण ती धूळ असते. वर्षानुवर्षं घरातली हवा त्या जागेतून वाहत गेली आणि फायबरग्लासने ती गाळून धूळ स्वतःकडे ठेवली. फायबरग्लास हवा अडवत नाही, नुसती गाळतं. म्हणून काळा पट्टा दिसला की त्याच्या खाली फट आहे असं समजायचं. इथे प्रत्येक पट्टा नी-वॉलच्या बुडाशी, तुळयांच्या मधल्या गाळ्यांवर होता. खालच्या खोलीचं सिलिंग आणि वरच्या खोलीची जमीन यांच्यामधले ते गाळे भिंतीखालून सरळ या थंड पोकळीत उघडत होते. वरच्या खोलीच्या भिंतीत इन्सुलेशन होतं, पण जमिनीखालून वाट मोकळी. केपमध्ये हा दोष इतका सर्रास असतो की मी आता तो आधी शोधतो.

दुसरी गोष्ट बाथरूमच्या पंख्याची. त्याचा लवचीक पाइप छताबाहेर जायला हवा होता. तो सांध्यातून निसटून पोकळीत आडवा पडला होता. चौघांच्या रोजच्या गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ हिवाळाभर तिथेच सुटत होती. वरच्या फळ्यांतून बाहेर आलेल्या खिळ्यांची टोकं गंजलेली होती, आणि प्रत्येक टोकाखाली फायबरग्लासवर रुपयाएवढा डाग होता. हिवाळ्यात त्या टोकांवर गोठलेलं दहिवर धरायचं आणि ऊन आलं की थेंब पडायचे. छतातून येणाऱ्या पाण्याचा काही भाग असा घरातूनच वर गेलेला होता.

ब्लोअर डोअर लावला. मुख्य दारात कापडी चौकट बसवून तिच्यातल्या मोठ्या पंख्याने घरातली हवा बाहेर ओढतात, आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक आणतात, आणि मग घर कुठून श्वास घेतं ते शोधतात. धूर सोडायची नळी माझ्याकडे असते, पण आजींनी देवघरातली उदबत्ती पेटवून हातात दिली, आणि खरं सांगायचं तर तिचा बारीक धूर जास्त चांगला दिसतो. अ‍ॅटिकच्या झाकणापाशी उदबत्ती धरली तर धूर झपकन खोलीत ढकलला गेला. बाथरूममागे छतापर्यंत जाणारा सांडपाण्याचा पाइप होता, त्याच्या भोवती मनगट जाईल एवढं भोक, तिथेही तेच. नी-वॉलच्या बुडाशी, बेसबोर्डच्या मागे, धूर सलग आडवा पळाला. पंख्यामुळे दिशा उलटी असते. जिथून आता हवा आत येते, हिवाळ्यात तिथूनच गरम हवा बाहेर जाते. आजींनी उदबत्ती स्वतःच्या हातात घेतली आणि वरच्या दोन्ही खोल्या फिरून आल्या. "म्हणजे फुटलंय ते इथे," असं त्यांनी मुलाला बोलावून दाखवलं.

स्वयंपाकघरही यात होतं. ओट्यावरच्या मायक्रोवेव्हच्या पोटात पंखा होता, पण तो हवा जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडणारा. आपल्या घरांत रोज कुकर लागतो, डाळ-भात होतो, फोडणी पडते, शिवाय बेसमेंटमध्ये स्टँडवर कपडे वाळत असतात. मालकीणबाईंनी मागच्या हिवाळ्यातले फोटो दाखवले. खिडक्यांच्या काचांवरून सकाळी पाण्याचे ओघळ. न्यू इंग्लंडच्या कडक थंडीत घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांत राहिली तर घर सुखी राहतं. त्याच्या वर गेली की पाणी सर्वांत थंड पृष्ठभाग शोधतं. पहिल्यांदा खिडकीची काच, नंतर छताची फळी. कपडे घरात वाळवू नका असं मी सांगत नाही. वाफ बाहेर जाईल अशी वाट मात्र हवी.

जुन्या घरात इन्सुलेशनला हात लावण्याआधी एक गोष्ट पाहावीच लागते. अ‍ॅटिकमध्ये चकाकणारे, करड्या-सोनेरी रंगाचे खड्यांसारखे दाणे पसरलेले दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट हे जुनं इन्सुलेशन असू शकतं. त्यातलं बरंचसं मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून आलं, आणि त्यात अ‍ॅसबेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज मिसळलेलं होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल हजारो घरांत अजून आहे. तसं दिसलं तर ढवळायचं नाही, काम थांबवायचं आणि चाचणी करून घ्यायची. या घरात ते नव्हतं.

काम कोणत्या क्रमाने झालं

मालकांची पहिली इच्छा होती की अ‍ॅटिकमध्ये भरपूर इन्सुलेशन टाकून मोकळं व्हावं. फटी उघड्या ठेवून वर कितीही जाड थर टाकला तरी हवा त्यातून वाट काढते. म्हणून आधी फटी बुजवल्या. पाइपभोवतीचं भोक, भिंतींचे वरचे सांधे, विजेच्या तारांची छिद्रं फोमने बंद केली. चिमणीभोवतीची जागा मात्र फोमने नाही, पत्रा आणि आग सोसणारं सीलंट वापरून. अ‍ॅटिकच्या झाकणाला रबरी पट्टी आणि वर फोमचा जाड तुकडा.

मग तुळयांचे गाळे. प्रत्येक गाळ्यात नी-वॉलच्या रेषेत कडक फोमचा मापाने कापलेला तुकडा बसवून कडा सील केल्या. काम कंटाळवाणं, गुडघ्यांवर आणि हातभर जागेत करायचं. या घराचं अर्धं दुखणं याच कामाने गेलं असं माझं मत आहे.

इथे एक अडचण आली आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झालं असतं तर आम्हीच नवं संकट उभं केलं असतं. उत्तरेकडच्या पोकळीतून बेसबोर्डचे गरम पाण्याचे पाइप जात होते. आजवर ते गोठले नव्हते, कारण घरातून गळणारी ऊब त्यांना मिळत होती. नी-वॉल नीट बंद केली की ती पोकळी खरोखर थंड होणार, आणि बॉयलर काही तास बंद राहिला तरी पाइपमधलं पाणी गोठू शकतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि तांबं ते सहन करत नाही. पाइप हलवणं महाग पडत होतं. म्हणून उत्तरेकडे उबदार भागाची सीमाच बदलली. नी-वॉलवर इन्सुलेशन न करता, छताच्या उताराला आतून हवा खेळायची पन्हळ राखून, तिच्या आतल्या बाजूने फोम बसवला आणि पोकळी घराच्या उबेत घेतली. त्या बाजूला गाळे भिंतीखाली नाही, कडेला भिंत आणि छत मिळतात तिथे बंद केले. दक्षिणेकडे पाइप नव्हते, तिथे नेहमीची पद्धत. एकाच घराच्या दोन बाजूंना दोन वेगळे उपाय, म्हणून ठेकेदाराने कुरकुर केली. पाइप दाखवल्यावर थांबला.

सर्वांत वरच्या सपाट अ‍ॅटिकमध्ये साडेतीन इंचांची जुनी पट्टी होती, म्हणजे जेमतेम आर-११. ('आर' हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप.) या हवामानात आर-४९ ते आर-६० हवं. यंत्राने सेल्युलोज, म्हणजे कागदापासून केलेलं सुटं इन्सुलेशन, फुंकून थर चौदा इंचांवर नेला. बाथरूमच्या पंख्याला नवा, इन्सुलेशन गुंडाळलेला पाइप जोडून तो गेबलच्या, म्हणजे छताच्या त्रिकोणी टोकाच्या, भिंतीतून बाहेर काढला. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा हूड बसवला. हा खर्च मालकांनी पदरचा केला, कारण कुठल्याही योजनेत तो बसत नाही.

फटी बुजवणं आणि इन्सुलेशन यांचा मोठा भार 'मास सेव्ह' या राज्यातल्या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमाने उचलला. मॅसॅच्युसेट्समध्ये वीज आणि गॅसच्या बिलातून बहुतेक ग्राहक या कार्यक्रमासाठी थोडे पैसे भरतच असतो. तपासणी विनामूल्य असते आणि मंजूर इन्सुलेशनवर ७५ टक्के किंवा अधिक सवलत मिळते. घर तेलावर गरम होत असलं तरी चालतं. श्रूजबरी, कॉन्कॉर्ड, वेल्झली यांसारख्या, गावाची स्वतःची वीजसंस्था असलेल्या ठिकाणी मात्र नियम वेगळे आहेत, तिथे गावाच्या वीज कार्यालयात विचारावं. आपल्यापैकी कितीतरी जण ही रक्कम वर्षानुवर्षं भरतात आणि तपासणी कधीच करून घेत नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

घर बंदिस्त केल्यावर बॉयलरचा धूर चिमणीतून नीट वर जातोय ना, हे पंखे आणि ड्रायर चालू ठेवून तपासावं लागतं. नवा हूड ताकदीचा असेल तर तो धूर उलटा घरात ओढू शकतो. इथे चाचणी ठीक आली. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २००५ च्या जानेवारीत याच राज्यात, प्लिमथमध्ये, बर्फाने धूर बाहेर सोडणारं व्हेंट बुजलं आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. त्यानंतर आलेल्या 'निकोल्स लॉ'ने घरांत या वायूचे डिटेक्टर सक्तीचे केले. या घरात ते होते, पण दोन मुदत संपलेले निघाले. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, ती बघायची. बॅटरी बदलून भागत नाही. आणि वादळानंतर फावडं हातात घेतलं की ड्राइव्हवेच्या आधी व्हेंट मोकळं करायचं.

बाकीची फॉलची कामं झपाट्याने झाली. बागेतला नळ गोठणार नाही अशा जातीचा होता, पण होज जोडलेला राहिला तर त्यातलं पाणी निथळत नाही आणि तोही फुटतो, म्हणून होज काढून ठेवला. ड्रायरच्या पाइपमधली कापसासारखी लव काढली. तळघरात पायाच्या भिंतीवर टेकलेल्या लाकडी कडेला फोम लावला, कारण वरून जाणाऱ्या हवेची भरपाई तिथूनच होत होती. गटर ऑक्टोबरमध्ये साफ केलं होतं, ते थँक्सगिव्हिंगनंतर पुन्हा करावं लागलं. मेपल लवकर मोकळा होतो, ओक मात्र पानं धरून बसतो, आणि या घराच्या मागे तीन मोठे ओक आहेत.

पुढचा हिवाळा

काम कसं झालं ते पाहायला बर्फाची वाट बघावी लागत नाही. नोव्हेंबरमध्ये दहिवर पडलेल्या सकाळी, ऊन यायच्या आत, रस्त्यापलीकडे उभं राहून छत बघायचं. जिथे ऊब गळते तिथलं दहिवर आधी वितळतं आणि शिंगल्स काळ्या दिसतात. सपाट अ‍ॅटिकवरचा आणि दोन्ही कडांचा भाग एकसारखा पांढरा होता. वरच्या खोल्यांच्या तिरक्या सिलिंगवर मात्र फिकट काळे पट्टे होते. ते अपेक्षित होतं. त्या तिरक्या भागात जुनी पातळ पट्टी तशीच आहे. तिथे आतून भरायला गेलं तर छताखाली हवा खेळायची जागा बुजते, आणि सिलिंग फोडल्याशिवाय ती राखता येत नव्हती. मुलं त्याच खोल्यांत झोपतात, म्हणून ते काम मुद्दाम पुढे ढकललं.

जानेवारीत फूटभर बर्फ पडून दहा दिवस राहिला. कडेला बोटभर बर्फ धरला, बांध झाला नाही, बैठकीत थेंब आला नाही. काचांवरचे ओघळ थांबले. वरच्या खोल्या रात्री आधीसारख्या गार पडत नाहीत, असं मुलांनी आपणहून सांगितलं. तेलाची बचत किती झाली याचा आकडा मी देत नाही. एका हिवाळ्याची दुसऱ्याशी अशी तुलना खरी नसते, थंडी किती पडली त्याचा हिशेब धरून दोन-तीन वर्षं पाहावं लागतं. मालक टाकी भरल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवतायत.

छताला अजून पाच-सहा वर्षं आहेत. बदलायची वेळ येईल तेव्हा फळ्यांच्या वरून कडक फोमचा थर द्यायचा, म्हणजे तिरक्या भागाचा प्रश्न बाहेरूनच सुटेल, आणि कडेला पाणी अडवणारा चिकट पडदा भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंचांपर्यंत न्यायचा. नियमही तेवढंच मागतो. जुन्या छताखाली तो नाही. तोवर लांब दांड्याचा रूफ रेक गॅरेजच्या दाराशी ठेवलाय. सहा इंचांहून जास्त बर्फ साचला की जमिनीवर उभं राहून कडेचे तीन-चार फूट ओढून मोकळे करायचे. शिडी लावायची नाही.